उतरता खांदा

"अर्जदाराचे दोन्ही खांदे समपातळीत आहेत. पोशाख नीटनेटका. तपासणीदरम्यान अर्जदार उजवा हात खिशात घालून आरामात उभा होता. सबब अर्ज नामंजूर."

लेकीने पत्र मोठ्याने वाचलं आणि मास्तर चक्क खूश झाले.

"समपातळीत म्हणाला ना?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "बघ. डॉक्टर असून कळलं नाही त्याला."

अपंगत्वाचा भत्ता हातचा गेला होता आणि या गृहस्थाला आनंद कसला, तर शिवण चांगली वठल्याचा! बायकोच्या जिवाचा नुसता तळतळाट झाला. पण बोलणार काय? तो खांदा तिनेच सरळ केला होता.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध गणवेश शिवण्यापुरता. त्यांचं नाव गाजलं होतं ते एकाच गोष्टीसाठी. कुणाला पोक असो, कुणाचं पोट सुटलेलं असो, कुणाचा एक खांदा पडलेला असो, मास्तरांच्या कोटात माणूस सरळ दिसे. गिऱ्हाइकाची खोड गिऱ्हाइकालाही आरशात दिसता कामा नये, असा त्यांचा बाणा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाक्य दिवसातून एकदा तरी त्यांच्या तोंडून यायचंच.

मग एका गाडीने त्यांना रस्त्यावर उडवलं. हाड एकही मोडलं नाही, म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले. ते जरा घाईने मानले गेले. मानेतून उजव्या हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या होत्या. हात जागच्या जागी राहिला आणि कामातून गेला. चिमटा काढला तरी कळेना. हळूहळू दंड वाळला, खांदा खाली आला, आणि जन्मभर लोकांचे खांदे उचलणारा माणूस स्वतः एका बाजूला कलला.

दुसरं कुणी असतं तर हात गळ्यात बांधून फिरलं असतं. मास्तरांनी घरातले सगळे शर्ट बाहेर काढायला लावले. उजव्या खांद्यात पॅड, बाहीला आतून कापसाचं अस्तर, आणि कफाला एक बारीक हूक. तो हूक पँटच्या खिशात आतल्या बाजूला शिवलेल्या कडीत अडकवला की हात लोंबत नसे. लांबून वाटावं, मास्तर खिशात हात घालून ऐटीत उभे आहेत. मास्तरांनी सांगितलं आणि बायकोने शिवलं.

तसं पाहिलं तर आधीही हेच चालत आलं होतं. मास्तर पुढे माप घ्यायचे, कापड बेतायचे, कात्री चालवायचे. पडद्यामागच्या मशीनवर ती. कॉलर तिची, बाह्या तिच्या, काजं तिची. पण गिऱ्हाइकाने आरशात वळून बघत "वा, कुणी शिवला?" विचारलं की मास्तर म्हणायचे, "मी." त्यात त्यांना खोटं काही वाटायचं नाही. ज्याची कात्री त्याचा कपडा, हा त्या धंद्याचा रिवाज. ती पडद्यामागे मूग गिळून बसायची. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे, पण ते मास्तरांची बायको म्हणून. तिला शिवता येतं की नाही याच्याशी गल्लीला कर्तव्य नव्हतं.

आता अपिलाची सुनावणी लागली होती. भत्ता मिळाला तर दुकानाचं भाडं सुटणार होतं. नाही मिळाला तर दुकान बंद. आणि दुकान बंद झालं तर मास्तर घरात चार भिंतींकडे बघत बसणार, हे मास्तरीणबाईंना दिसत होतं. अजून ते सकाळी गळ्यात टेप अडकवून दुकानातल्या स्टुलावर बसत. तिला सांगत, इथे अर्धं बोट सोड, तिथे बाहीचा मुंढा खोल घे. तेवढा वेळ त्यांचा चेहरा पहिल्यासारखा असे. ते स्टूल वाचवायचं होतं. बाकी त्या भत्त्यात हुरळून जाण्यासारखं काही नव्हतं.

लेकीने फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रातली एक वकीलबाई शोधून काढली. लहानशी खोली, कोपऱ्यात एकात एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मागच्याच महिन्यावर थांबलेलं कॅलेंडर. वकीलबाई लेकीच्याच वयाची. मास्तर आत आले तशी ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काका, तुम्हाला नक्की काय झालंय?"

मास्तर सुखावून हसले. मास्तरीणबाईंनी मात्र पुढे होऊन त्यांच्या खिशात हात घातला आणि हूक सोडवला. हात निसटला आणि टेबलाच्या कडेवर धपकन आपटला. वकीलबाई दचकली. मास्तरांना कळलंही नाही, ते कॅलेंडरकडे बघत होते.

"असेच गेला होतात तपासणीला?"

"मग काय लंगोट लावून जाणार?" मास्तर म्हणाले.

"ताकाला जाऊन भांडं लपवलंत काका तुम्ही."

मग तिने शिकवणी सुरू केली. समोर तिघं बसतील. एक अध्यक्ष, एक डॉक्टर, एक सदस्य. आजाराचं कमी आणि रोजच्या जगण्याचं जास्त विचारतील. जेवताना काय करता, न्हाताना काय करता, संडासला गेल्यावर काय करता. लाजायचं नाही. चांगल्या दिवसाचं सांगायचं नाही. "आणि एक पाठ करून टाका. दुसऱ्याच्या मदतीने जे येतं, ते येत नाही. विचारलं की सरळ सांगायचं, येत नाही."

"आणि दुकानाचं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "हे बसतात तिथे. मला सांगतात कसं कापायचं ते."

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "काकू, हे तिथे चुकूनही बोलू नका. सूचना देतात म्हटलं की ते म्हणणार, मग धंदा चालूच आहे, फक्त हात दुसऱ्याचे आहेत. काका दुकानात बसतात, वेळ जात नाही म्हणून. बास."

"वेळ जात नाही म्हणून," मास्तर स्वतःशी म्हणाले.

घरी जेवणाच्या टेबलाशी सराव सुरू झाला. लेक अध्यक्ष झाली. चष्मा नाकावर ओढून तिने आवाज जाड केला.

"अंघोळ स्वतः करता?"

"करतो."

"पाठ कोण चोळतं?"

"स्वतःची पाठ कुणाला दिसते? राजालासुद्धा दिसत नाही."

"बाबा!"

"बरं. ही चोळते."

"मग काय म्हणायचं?"

मास्तर डाव्या हाताने टेबलावरचा चुरा गोळा करायला लागले.

"शर्टाची बटणं लावता येतात?"

"येतात."

मास्तरीणबाई उठल्या, खुंटीवरचा शर्ट काढला आणि त्यांच्या अंगावर चढवून समोर उभ्या राहिल्या. "लावा."

त्यांनी डाव्या हाताने वरून सुरुवात केली. बटण सापडलं तर काज निसटे, काज सापडलं तर बटण. अंगठ्याच्या नखाने बटण आत लोटलं तेव्हा कानशिलावर घाम आला होता. दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं. ते त्यांना दिसलं. ज्या माणसाने चुकीचं लागलेलं बटण बघून रस्त्यात अनोळखी लोकांना थांबवलं होतं, त्याला ते दिसणार नाही होय? लेक फळीवरच्या डब्यांकडे बघायला लागली.

"येत नाही," मास्तर म्हणाले.

"मोठ्याने," लेक बोलून गेली, आणि बोलल्याबरोबर तिला स्वतःची शरम वाटली.

"येत नाही!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाढे म्हटल्यासारखा हा कार्यक्रम. भाकरी मोडता येते? येत नाही. नाडी बांधता येते? येत नाही. सुईत दोरा? इथे हटकून घोडं पेंड खाई. ते म्हणत, "सुई उशीत खोचली की ओवता येते." मास्तरीणबाई म्हणत, "ओवल्यावर शिवणार कोण, मी ना? मग येत नाही." कधी कधी त्यांना वाटे, आपण नवऱ्याला भीक मागायला शिकवतोय. मग वाटे, भीक तरी बरी, तीत मुलाखत नसते.

राहिला शर्ट. पॅड काढा, अस्तर काढा, हूक काढा, असं वकीलबाईने बजावलं होतं. सुनावणी जवळ आली तसे मास्तरीणबाईंनी बऱ्यापैकी एका शर्टातले पॅड-अस्तराचे सगळे टाके उसवले आणि दुकानातल्या उभ्या आरशासमोर तो त्यांना घातला. उजव्या बाजूला कापडाचा झोळ पडला, बाही पोत्यासारखी लोंबली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "वाकडं दिसतंय."

"शर्ट वाकडा दिसतोय," मास्तर म्हणाले. "मी नाही. ते म्हणतील याच्या अंगाला काही झालेलं नाही, याला टेलर वाईट मिळालाय."

"मग काय करू?"

"दोष अंगाचा दिसायचा तर कपडा निर्दोष पाहिजे. अंग जिथे पडलंय तिथे बरोबर कपडा पडला पाहिजे. सुरकुती नको. नवीन शिवू." त्यांनी डाव्या हाताने गळ्यातला टेप काढून तिच्यापुढे धरला. "माप घे."

अपघातापासून मास्तरीणबाई त्यांना रोज न्हाऊ घालत होत्या, पण माप कधी घेतलं नव्हतं. पॅड सगळी अंदाजाने झाली होती, मास्तरांनीच मापाला हात लावू दिला नव्हता. आता डावा खांदा वेगळा, उजवा वेगळा. डावा मुंढा, उजवा मुंढा. उजव्या दंडाभोवती टेप फिरवला आणि त्या थांबल्या. लेक शाळेत असताना तिच्या फ्रॉकची बाही एवढी असायची.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

त्यांनी जरा वाढवून सांगितलं.

"खरं सांग. कापडाशी खोटं बोलायचं नसतं."

त्यांनी खरं सांगितलं. मास्तरांनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तशी.

कापड फिकट निवडलं, कारण गडद रंग सगळं पोटात घालतो. बाह्या अर्ध्या. मास्तर सांगत गेले, त्या खडूने रेघा ओढत गेल्या. कितीदा खोडल्या, कितीदा ओढल्या. कच्ची शिलाई घालून पाहिली, उसवली, परत घातली. आणि गंमत म्हणा की चेष्टा म्हणा, त्या दिवसांत मास्तर फार मजेत होते. चिडत होते, हसत होते, "बाई, मुंढा आहे तो, भोपळा नव्हे" म्हणून ओरडत होते. नवऱ्याला ओरडताना ऐकून मास्तरीणबाईंना कित्येक महिन्यांनी पोटभर भूक लागली.

शर्ट झाला. अंगावर चढला तेव्हा कुठे एक सुरकुती नव्हती. डावीकडून निघालेली खांद्याची रेघ मानेपाशी येऊन उजवीकडे घसरत गेली होती, आणि कापड तिच्याबरोबर इमानाने घसरलं होतं. अर्ध्या बाहीतून तो वाळका हात लोंबत होता. गेली दोन वर्षं झाकलेलं सगळं एका शर्टाने उघड्यावर मांडलं. लेक कामाचं निमित्त काढून बाहेर गेली.

मास्तर आरशात बघत राहिले. "आता दिसतोय," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं. मास्तरीणबाईंना त्या समाधानाचा असा राग आला, की त्यांनी कात्री जरा जोरातच खणात टाकली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि त्यावर पाण्याचा जग. वकीलबाईने सांगितल्याप्रमाणे टेप घरी ठेवला होता. मास्तरांची डावी बोटं सारखी गळ्याशी जात होती. अध्यक्षबाईंनी विचारायला सुरुवात केली आणि मास्तर अगदी पढवल्यासारखं बोलले. येत नाही. येत नाही. तेही येत नाही. डॉक्टर उठून आले, हात उचलला, सोडला. हात पडला. डॉक्टर जागेवर जाऊन काहीतरी लिहायला लागले. वकीलबाईने पेनाला टोपण लावलं.

तिसरे सदस्य आतापर्यंत बोलले नव्हते. वयस्कर, चेहऱ्याने मायाळू. वातावरण जरा हलकं करावं असं त्यांना वाटलं असावं. वाईट माणसापासून सावध राहता येतं, भल्या माणसाचं काय करणार?

"शर्ट मात्र फार सुरेख बसलाय हो," ते म्हणाले. "हल्ली असं काम बघायला मिळत नाही. कुणी शिवला?"

मास्तर होते त्याहून ताठ झाले.

"मी."

हा एक प्रश्न कुणी घोकून घेतला नव्हता.

अध्यक्षबाईंनी पेन उचललं. "तुम्ही शिवलात? कधी?"

"गेल्याच आठवड्यात."

"कापड तुम्ही कापलंत?"

"कटिंग माझंच."

"म्हणजे त्यांना असं म्हणायचंय की..." वकीलबाई घाईने उठली.

"त्यांना काय म्हणायचंय ते मी ऐकलं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि मास्तरीणबाईंकडे वळल्या. "बाई, तुम्ही सांगा. हा शर्ट कोणी शिवला?"

मास्तर बायकोकडे बघत होते. त्यांना आपण काय केलंय ते कळलं होतं की नाही, देव जाणे. चेहऱ्यावर नेहमीचाच विश्वास होता, की पडद्यामागून काही आवाज येणार नाही.

मास्तरीणबाईंच्या मनात सरळ उत्तर तयार होतं. यांनी कापायचं कसं ते सांगितलं, मी शिवला. पण तेच तर बोलायचं नव्हतं. यांनी सांगितलं म्हटलं की ते धरणार, धंदा चालूच आहे. अर्धं खरं सांगून भागणार नव्हतं.

"मी," त्या म्हणाल्या.

"आणि ते म्हणतात ते?"

"सवयीने म्हणतात. आधीही मीच शिवायचे. कॉलर, बाह्या, काजं, सगळं माझंच." एवढं खरं होतं. जन्मभर घशात अडकलेलं बाहेर पडलं आणि त्यांना एकदम मोकळं वाटलं, इतकं गोड वाटलं की त्यांना थांबता येईना. "हे नुसते पुढे उभे असायचे. नाव यांचं, टाके माझे."

"पण कसं कापायचं ते तरी सांगितलं असेल त्यांनी?"

"नाही हो. काय सांगणार? त्यांना आता काही येत नाही."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. मायाळू सदस्यांनी मान खाली घातली. मास्तरांनी शर्टाच्या खालच्या कडेला डाव्या हाताने एकदा चाचपून पाहिलं, दुमड सरळ आहे की नाही ते बघावं तसं, आणि हात मांडीवर ठेवला.

बाहेर आल्यावर वकीलबाईने मास्तरीणबाईंचे दोन्ही हात धरले. "काकू, वाचवलंत तुम्ही."

परतीच्या वाटेवर मास्तरीणबाई बोलत राहिल्या. तिथे तसं बोलावंच लागलं. तुम्हीच घोटाळा करून ठेवला होतात. मनावर घेऊ नका. मास्तर "हं" म्हणत होते. त्यांना रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. घरी त्यांनी शर्ट काढून घेऊ दिला, बटण बटण, लहान मुलासारखे उभे राहून.

भत्ता मंजूर झाला. लेकीने पत्र वाचलं. "पत्नीच्या साक्षीवरून असे दिसते की अर्जदार आपल्या व्यवसायातील कोणतेही काम करण्यास, अथवा त्याबाबत मार्गदर्शन करण्यास असमर्थ आहे." वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. मास्तरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि चहा मागितला.

भाडं सुटलं, दुकान राहिलं. स्टूलही राहिलं. मास्तर रोज सकाळी येऊन त्यावर बसत आणि रस्त्याकडे बघत. टेप खिळ्याला टांगलेला होता. मास्तरीणबाईंना वाटलं, चार दिवस जातील, रुसवा ओसरेल.

एक दिवस जुना टपालवाला आला. निवृत्त झाला होता, मुलीचं लग्न ठरलं होतं, कोट शिवायचा होता. जन्मभर एका खांद्यावर पिशवी वाहिल्याने तो खांदा चांगलाच उतरला होता. "मास्तर, फोटोत सरळ दिसलो पाहिजे बघा," तो हसत म्हणाला. "तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

मास्तरीणबाईंनी माप घेतलं. छाती, कंबर, पाठ. खांद्याशी येऊन त्या अडल्या. पॅड किती द्यायचं, आणि ते देऊन कॉलर फिरू नये म्हणून मुंढा कुठून उचलायचा, हे त्यांना कधीच नीट उमगलं नव्हतं. ते काम मास्तरांचं होतं. सगळ्या कोटांत मास्तरांचं खरं कसब तेच होतं, आणि कोट उभा राहायचा तो त्याच्यावर. मास्तर नुसते उभे असायचे, असं त्या तिथे सांगून आल्या होत्या.

"अहो," हातात खडू घेऊन त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "हा खांदा कितीने उचलू?"

मास्तर वळले. त्यांची नजर टपालवाल्याच्या मानेवरून निघाली, खांद्याच्या टोकापर्यंत गेली, पाठीवरून खाली उतरून परत आली. मास्तरीणबाईंनी ती नजर ओळखली. माप झालं होतं. आता तोंड उघडतील आणि ओरडतील म्हणून त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

"येत नाही," मास्तर म्हणाले.

मोठ्याने, स्पष्ट, त्यांच्याकडून टेबलाशी बसून पाठ करून घेतलं होतं तसं. मग ते रस्त्याकडे तोंड करून बसले.